पावती म्हणजे परवाना नव्हे

आपल्याकडे ‘डीजे’ हा शब्द आता माणसाचा वाचक राहिलेला नाही. तो ध्वनिवर्धकांच्या भिंतीचा वाचक झाला आहे. त्यामुळे डीजेविषयी जी चर्चा होते ती आवाजाच्या पातळीची, पोलिसांनी घातलेल्या वेळेच्या मर्यादेची आणि मिरवणुकीत हादरणाऱ्या खिडक्यांची. ती चर्चा आवश्यकच आहे. परंतु त्या भिंतीमागे संगणक घेऊन उभा असलेल्या तरुणाकडील हजारो गाणी आली कोठून, आणि ती वाजविण्याचा अधिकार त्याला कोणी दिला, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. काहीजण चोरीच्या संकेतस्थळांवरून गाणी उतरवितात. त्यांचा विचार येथे करण्याचे कारण नाही. जे प्रामाणिक आहेत ते खास डीजेंसाठी चालविल्या जाणाऱ्या सेवांची मासिक वर्गणी भरतात. नवी गाणी, आरंभी ठेका जोडलेल्या आवृत्त्या, अपशब्द गाळलेल्या आवृत्त्या आणि रिमिक्स त्यांना तेथून उतरवून घेता येतात. पैसे भरले, पावती मिळाली, तेव्हा आपण कायद्याच्या बाजूला आहोत अशी त्यांची समजूत होते. ही समजूत बव्हंशी चुकीची आहे, आणि ती तशीच राहण्यात इतरांचे हित आहे.

ही कल्पना मुळात चोरीची नव्हती, हे आधी सांगितले पाहिजे. १९७५ साली न्यूयॉर्कमध्ये डेव्हिड मॅन्कुसो आणि त्याच्या सहकाऱ्यांनी पहिला ‘रेकॉर्ड पूल’ स्थापन केला. नृत्यगृहांत तबकड्या वाजविणारे तरुण तोवर ध्वनिमुद्रिका कंपन्यांच्या कचेऱ्यांत खेटे घालीत असत. रेडिओने न उचललेले गाणे नृत्यगृहात गाजू शकते, हे कंपन्यांच्याही ध्यानी आले होते. पूलने मध्यस्थी केली. कंपन्यांनी नव्या तबकड्या पूलला द्यायच्या, पूलने त्या सभासदांना वाटायच्या आणि लोक कोणत्या गाण्यावर नाचले याचे अभिप्राय सभासदांनी कळवायचे. ब्रिटनमध्ये १९८३ साली टोनी प्रिन्स यांनी काढलेल्या ‘डिस्को मिक्स क्लब’ने पुढचे पाऊल टाकले आणि केवळ डीजे सभासदांसाठी तयार केलेली मिश्रणे दरमहा पाठविण्यास आरंभ केला. आजच्या वर्गणीच्या सेवा या घराण्यातल्याच आहेत.

फरक पडला तो तबकडी गेल्यामुळे. तबकडी ही वस्तू होती. ती हातातून हातात जाई, पण तिची नक्कल होत नसे. २०११ साली अमेरिकेतील एका अपील न्यायालयाने, ‘केवळ प्रचारासाठी, विक्रीस मनाई’ असा मजकूर छापून कंपनीने फुकट वाटलेल्या सीडी विकणाऱ्या माणसाला दोषी धरले नाही. न मागता पाठविलेली वस्तू ज्याच्या हाती पडली त्याची झाली, असे न्यायालयाच्या निर्णयाचे सार होते. मात्र २०१८ साली ‘रीडिजी’ या कंपनीच्या खटल्यात दुसऱ्या एका अपील न्यायालयाने संगणकीय गाण्यांची पुनर्विक्री बेकायदा ठरविली. फाईल एका यंत्रातून दुसऱ्या यंत्रात पोहोचते तेव्हा ती ‘जात’ नाही. तेथे नवी प्रत तयार होते आणि प्रत काढण्याचा हक्क मालकाचा असतो. तबकडी विकत घेणारा डीजे नुसता ग्राहक होता. फाईल उतरविणारा डीजे, त्याला कल्पना असो वा नसो, प्रत काढणारा ठरतो.

कंपन्या या व्यवहाराकडे कसे पाहतात हे समजण्यासाठी अमेरिकेतील एक उदाहरण पुरेसे आहे. १६ जानेवारी २००७ रोजी अटलांटा येथे पोलिसांनी डीजे ड्रामा या नावाने प्रसिद्ध असलेल्या कलावंताच्या कार्यालयावर छापा घातला, हजारो सीडी जप्त केल्या आणि त्याला सहकाऱ्यासह अटक केली. छाप्यात ध्वनिमुद्रिका कंपन्यांच्या संघटनेचा हात होता. ज्या मिश्रणांबद्दल ही कारवाई झाली, त्यांतली बरीच गाणी नव्या गायकांचा बोलबाला व्हावा म्हणून त्याच्यापर्यंत पोहोचविली जात होती. त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये त्याचा संग्रह अटलांटिक रेकॉर्ड्स या मातब्बर कंपनीच्या नावाने बाजारात आला! एका हाताने द्यायचे आणि दुसऱ्या हातात दंडुका तयार ठेवायचा, असे हे धोरण आहे. लेखी परवानगी दिली तर हात बांधले जातात. मौन पाळले तर प्रचारही होतो आणि दाव्याचा हक्कही शाबूत राहतो.

आता आपल्या कायद्याकडे वळू. १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्याच्या चौदाव्या कलमाने ध्वनिमुद्रणाच्या मालकाला दुसरे ध्वनिमुद्रण तयार करण्याचा अनन्य हक्क दिला आहे, आणि २०१२ च्या दुरुस्तीने इलेक्ट्रॉनिक मार्गाने साठविणे हेही त्यात स्पष्टपणे घातले. खाजगी, वैयक्तिक उपयोगासाठी सूट आहे. पण मोबदला घेऊन वाजविणाऱ्याला ती लागू होत नाही. घरी ऐकण्यासाठी असलेल्या ॲपच्या वर्गणीवर समारंभात गाणी लावणाऱ्याची स्थिती याहून बरी नाही, कारण त्या ॲपच्या अटीच वैयक्तिक वापरापुरत्या असतात. रिमिक्सविषयी तर एक विलक्षण गैरसमज आहे. पाच वर्षे उलटली की कोणत्याही गाण्याचे रिमिक्स करता येते, असे मानले जाते. कायद्याचे ३१ सी हे कलम नव्या गायक-वादकांकडून नव्याने मुद्रित केलेल्या आवृत्तीसंबंधी आहे, आणि त्यासाठीही पूर्वसूचना व दरवर्षी किमान ५० हजार प्रतींचे मानधन द्यावे लागते. मूळ मुद्रणच कापून त्यावर ठेका चढविण्याशी त्या कलमाचा संबंध नाही.

परदेशी सेवेची वर्गणी भरणाऱ्यापुढे आणखी एक अडचण उभी राहते. अमेरिकेत ध्वनिमुद्रणाच्या मालकाला जाहीर वादनाबद्दल पैसे मागण्याचा सर्वसाधारण हक्कच नाही. १९९५ साली त्याला जो हक्क मिळाला तो डिजिटल प्रक्षेपणापुरता आहे. तेथील नृत्यगृह ॲस्कॅप, बीएमआय यांसारख्या गीतकार-संगीतकारांच्या संस्थांना पैसे देऊन मोकळे होते. भारतात शब्द-संगीताचा हक्क वेगळा आणि मुद्रणाचा वेगळा, व दोहोंचे मालक मोबदला मागू शकतात. म्हणजे तिकडच्या सेवेने आपल्या परीने सर्व हक्क मिळविलेले असले, तरी तो करार इकडच्या सभागृहात अपुरा पडू शकतो.

यावर ‘लग्नाला सूट आहे’ असे उत्तर हमखास मिळते. ५२ (१) (झेडए) या कलमाने खऱ्याखुऱ्या धार्मिक समारंभांना सूट दिली आहे, आणि वरात व विवाहाशी निगडित सामाजिक सोहळे त्यात धरले आहेत, हे खरे. २४ जुलै २०२३ रोजी केंद्र सरकारच्या संबंधित विभागाने तशी जाहीर सूचनाही काढली. गोवा सरकारने जानेवारी २०२४ मध्ये याच आशयाचे परिपत्रक काढले, तेव्हा त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने ते रद्द केले. कायद्यातील सवलतीची व्याप्ती परिपत्रकाने वाढविता येत नाही. तथापि खरा मुद्दा याहून साधा आहे. ही सूट गाणे समारंभात वाजविण्यापुरती आहे. ते संगणकात कसे आले आणि त्याची मोडतोड कोणी केली, याला ती शिवतही नाही.

मोबदला मागण्याचा अधिकार कोणाला, यावर न्यायालयांतही एकमत नाही. नोंदणीकृत स्वामित्वहक्क संस्था नसतानाही हक्कांचे मालक म्हणून पीपीएल व नोव्हेक्स या कंपन्या परवाने देऊ शकतात, असे मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२४ मध्ये म्हटले. दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने एप्रिल २०२५ मध्ये पीपीएलसंबंधी याच्या उलट मत दिले, आणि त्या निकालातील दरविषयक निर्देशाला त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती दिली. कायद्याचे जाणकार जेथे चाचपडतात, तेथे तालुक्याच्या गावातील डीजेने काय समजावे?

आणि चूक झाली तर? जाणूनबुजून हक्कभंग करणाऱ्याला ६३ व्या कलमाखाली सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कारावास आणि ५० हजारांपासून दोन लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. हा गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये ठरविले. पोलीस उपनिरीक्षकाला वॉरंटाविना बेकायदा प्रती जप्त करता येतात. वर्गणीची पावती ‘जाणूनबुजून’ या शब्दापुरती बचावाला येईल. पण तो बचाव न्यायालयात करायचा, संगणक मात्र आज जायचा. मुख्य सभासदकाळ असलेल्या लग्नसराईत तो गेला तर हंगामच बुडाला.

हा भार सर्वांत दुबळ्या दुव्यावर टाकणे न्याय्य नाही. अशा सेवांच्या अटींत वादनाची व वापराची जबाबदारी बहुधा ग्राहकावरच ढकललेली असते. भारतीय ग्राहकाकडून पैसे घेणाऱ्या सेवेने प्रत्येक गाण्यासमोर ते कोणाच्या परवानगीने दिले आणि ती परवानगी भारतात चालते काय, हे नमूद करणे सक्तीचे व्हावे. कंपन्यांनीही आपण कोणत्या सेवांना गाणी दिली त्यांची नावे जाहीर करावीत. ब्रिटनमधील संगीत-हक्कांच्या संस्थांनी, रीतसर मिळविलेली गाणी धंद्यासाठी संगणकात उतरवून ठेवण्याचा स्वतंत्र परवाना डीजेंसाठी काढला होता. ठरावीक वार्षिक रकमेत तसा एकच परवाना येथे मिळू लागला, तर प्रामाणिक माणूस तो आनंदाने घेईल. रिमिक्सचा प्रश्न तेवढ्याने सुटणार नाही. तेथे मूळ मालकाची परवानगी वेगळी लागेल, आणि ज्या फाईलवर रिमिक्स करणाऱ्याखेरीज कोणाचेही नाव नाही, ती वर्गणीत मिळाली तरी डीजेने उतरवून घेऊ नये.