क्रूझ टर्मिनल झाले, आता मोऱ्याचा गाळ काढा

मुंबईच्या बॅलार्ड पिअरवरील आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचे सप्टेंबर 2025 मध्ये उद्घाटन झाले. वर्षाला 10 लाख प्रवाशांची ये-जा सांभाळण्याची त्याची क्षमता आहे आणि एका वेळी पाच जहाजे लागू शकतील अशी सोय आहे. हे टर्मिनल हवेच होते. याच धक्क्यावर एकेकाळी विलायतेहून टपालाची बोट येई आणि उतारूंसाठी बॅलार्ड पिअर मोल स्टेशनातून फ्रंटियर मेल थेट पेशावरच्या दिशेने सुटे. बोटीतून उतरलेल्या माणसाने पुढे कसे जायचे, याचा विचार बंदर बांधणाऱ्यांनीच करून ठेवला होता. आज मुंबई बंदराची पारख करायची तर ती याच कसोटीवर करावी लागेल. मग नजर क्रूझच्या धक्क्यावर थांबून चालत नाही, उत्तरेला भाऊच्या धक्क्यापर्यंत जावे लागते.

भाऊच्या धक्क्यावरून मोरा आणि रेवसला लाँच सुटतात, मांडव्याला गाड्याही नेणारी रो-रो बोट जाते. उरण आणि अलिबाग तालुक्यांतील नोकरदार, विद्यार्थी, मासळी आणि भाजी विकणाऱ्या बाया, मुंबईच्या रुग्णालयांत येणारे रुग्ण या वाटेने प्रवास करतात. मोरा बंदरात गाळ इतका साचतो की मोठ्या ओहोटीला लाँच धक्क्याला लागतच नाही आणि वाहतूक काही तास बंद ठेवावी लागते. रेवसलाही गाळाचीच तक्रार. म्हणजे कामावर वेळेत पोहोचायचे की नाही, हे प्रवाशाने तिथी पाहून ठरवायचे. गेटवेला तर एकाला एक लागून उभ्या असलेल्या लाँचमधून, हलत्या कठड्यावर पाय देत पलीकडच्या लाँचमध्ये जावे लागते. हातात मूल असलेल्या बाईने किंवा गुडघे दुखणाऱ्या म्हाताऱ्याने ते कसे करायचे? 18 डिसेंबर 2024 रोजी गेटवेहून घारापुरीकडे निघालेल्या ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीला नौदलाच्या स्पीड बोटीची धडक बसली आणि 15 जण दगावले. लाइफ जॅकेटच्या नियमाची कडक अंमलबजावणी सुरू झाली ती त्यानंतर. रोजच्या प्रवाशाची सुरक्षा अपघातानंतर आठवावी, ही या शहराला शोभणारी गोष्ट नाही.

यावर पहिला आक्षेप पैशाचा येतो. क्रूझचा पर्यटक खर्च करतो, हॉटेले, टॅक्सी आणि बाजारपेठांना त्याचा फायदा होतो. लाँचचा उतारू काय देणार? मांडव्याचा अनुभव याचे उत्तर देतो. तिथे लाटा अडवणारा बांध आणि नीट जेट्टी झाली, मार्च 2020 मध्ये रो-रो सुरू झाली आणि रस्त्याने शंभरावर किलोमीटरचा वळसा तासाभराच्या सागरी प्रवासावर आला. लोक गाड्या घेऊन जाऊ लागले, गेटवेच्या लाँच पावसाळ्यात बंद असतानाही ही सेवा बऱ्यापैकी चालते. सोय झाली की माणसे पाण्याची वाट धरतात, भाडेही देतात. मोऱ्याच्या रो-रो जेट्टीचे काम मात्र वर्षानुवर्षे रखडले. गाळ काढला नाही, जेट्टी पुरी केली नाही आणि मग उतारू कमी म्हणायचे, हा हिशेबच उलटा आहे.

दुसरा आक्षेप अटल सेतूचा. जानेवारी 2024 पासून समुद्रावरून रस्ता झाला, मग लाँच कशाला? सेतू उत्तम आहे, पण तो आधी मोटारवाल्यांचा आहे. मोटारीला एका फेरीचा टोल 250 रुपये पडतो, दुचाकीला प्रवेशच नाही आणि रेवसच्या माणसाला खाडीला वळसा घालूनच तिथवर यावे लागते. तिसरा मुद्दा अधिकाराचा, आणि खरी गाठ तिथेच आहे. भाऊचा धक्का मुंबई बंदर प्राधिकरणाचा म्हणजे केंद्राचा, मोरा, रेवस आणि मांडवा महाराष्ट्र सागरी मंडळाचे म्हणजे राज्याचे. एकाच लाँचच्या दोन टोकांना दोन मालक, त्यामुळे मधल्या उतारूचे गाऱ्हाणे कोणाचेच नसते. क्रूझसाठी मात्र केंद्र, बंदर, कस्टम्स आणि इमिग्रेशन एका छताखाली आले. तेच इथे का जमू नये? सुरक्षेचे कारण पुढे करता येणार नाही, कारण परदेशी जहाजांची तपासणी वेगळी असते आणि देशांतर्गत लाँचला तिची गरज नसते.

गेटवेजवळ रेडिओ क्लबपाशी नवी जेट्टी होऊ घातली आहे. कुलाब्यातील रहिवाशांनी विरोध केला, 2025 मध्ये उच्च न्यायालयाने अटी घालून ती होऊ दिली. रहिवाशांच्या गर्दीबद्दलच्या शंका रास्त आहेत, त्यांना वाहतुकीचा चोख आराखडा देऊन उत्तर दिले पाहिजे. पण ती जेट्टी उरण-रेवसचा प्रश्न सोडवणार नाही.

म्हणून केंद्रीय जहाज मंत्रालयाने आणि राज्याच्या बंदर खात्याने मिळून भाऊचा धक्का, मोरा आणि रेवस यांचा एकच आराखडा करावा आणि त्याची तारीख जाहीर करावी. पहिले काम गाळ काढण्याचे. मग भरती-ओहोटीबरोबर वरखाली होणारे तरंगते धक्के, छप्पर, स्वच्छतागृहे, आणि सीएसएमटीपर्यंत लाँचच्या वेळेला जोडलेली बेस्ट बस. क्रूझचा हंगाम पावसाळ्यात थांबतो, मोऱ्याच्या माणसाला बारा महिने मुंबईत यावे लागते. निधी वाटताना एवढे ध्यानात ठेवावे.