शहरातील मळा आणि संशोधक

शेती म्हटली की खेडे डोळ्यांपुढे येते. तथापि शहरांच्या पोटातही शेती होत असते आणि तिच्या अडचणी निराळ्या असतात. पश्चिम आफ्रिकेतील घाना देशाची आक्रा व कुमासी ही शहरे याचे बोलके उदाहरण होत. तेथील छोटे मळेवाले लेट्यूस, कोबी व कांद्याची पात पिकवून बाजारास पुरवितात. स्वच्छ पाणी दुर्मिळ असल्याने नाल्या-ओढ्यांचे दूषित पाणी झारीने घालावे लागते. त्यातील रोगजंतू व जंतांची अंडी पानांवर राहतात आणि कच्ची पाने खाणाऱ्यास अपाय होतो.

अशा वेळी मनाईहुकूम काढणे सर्वांत सोपे. परंतु केवळ मनाईने पाणी शुद्ध होत नाही आणि मळेवाल्याची चूलही पेटत नाही. आंतरराष्ट्रीय जल व्यवस्थापन संस्थेच्या व घानातील संशोधकांनी म्हणून दुसरा मार्ग धरला. शेतकऱ्यांना बरोबर घेऊन त्यांच्याच वाफ्यांत त्यांनी प्रयोग केले.

त्यांतून निघालेले उपाय साधे आहेत. खड्ड्यात पाणी दोन-तीन दिवस संथ ठेवल्यास जंतांची बरीच अंडी तळाशी बसतात; पाणी घेताना तळ मात्र ढवळू नये. झारीस चाळणीचे तोंड लावून ती वाफ्यापासून हातभर उंचीच्या आत धरावी, म्हणजे माती उडून पानांवर बसत नाही. काढणीपूर्वी काही दिवस पाणी तोडल्यास जंतू घटतात. पण कोरड्या हंगामात त्याने लेट्यूसचे उत्पन्नही घटते, हे याच प्रयोगांत दिसून आले. एकट्या उपायाने भाजी निर्धोक होत नाही. अनेक उपायांची जोड व शेवटी स्वच्छ धुणे आवश्यक आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००६ सालच्या मार्गदर्शक सूचनांतही शेतापासून स्वयंपाकघरापर्यंत टप्प्याटप्प्याने धोका कमी करण्याचेच तत्त्व आहे.

पाणी तोडणे परवडत नाही, ही गोष्ट मळेवाल्यावाचून संशोधकास कोण सांगणार? आणि डोळ्यांस न दिसणारी अंडी संशोधकावाचून मळेवाल्यास कोण दाखविणार? या सहकार्याचा खरा लाभ येथेच आहे.

आपल्याकडेही शहरांलगत सांडपाण्यावर भाजीपाला होतो. तेव्हा शेतकरी बंधूंनी संशोधकापुढे आपली अडचण निःसंकोच मांडावी. विस्तार कार्यकर्त्यांनी शिफारस शेतावर न्यावी, तसा शेतकऱ्याचा आक्षेपही प्रयोगशाळेत पोचवावा. ही दुसरी फेरी चुकली, तर पहिली व्यर्थ जाते.