वस्ती चांगली आहे ना?

गेल्या तीन-चार वर्षांत नात्यातली, ओळखीतली बरीच मंडळी पुण्या-मुंबईहून सांगली-मिरजेकडे राहायला यायला लागली आहेत. कुणी निवृत्त होऊन, कुणी घरून काम करता येतं म्हणून, कुणी मिरजेच्या दवाखान्यात नोकरी लागली म्हणून. आनंदच आहे. आमच्या पिढीने गावातून माणसं जातानाच पाहिली, आता येताना बघतोय. ही मंडळी घर शोधायला लागली की सल्ल्यासाठी मला गाठतात. चाळीस वर्षं इथे काढली, त्यातली बरीचशी मुलांना भूगोल शिकवण्यात, त्यामुळे त्यांचा हक्कच आहे. पण प्रत्येकाचा पहिला प्रश्न ठरलेला. "वस्ती चांगली आहे ना?"

मला या प्रश्नाचा राग येतो. आज त्याबद्दलच लिहिणार आहे. काही नातेवाईक रागावतील. रागवा! पण शेवटपर्यंत वाचून मग रागवा.

चांगली वस्ती म्हणजे काय रे बाबा, असं मी उलट विचारते. मग जरा शांतता. मग "म्हणजे... शांत, सुशिक्षित वगैरे." मग आणखी थोडी शांतता, आणि शेवटी गाडी फलाटाला लागते. "म्हणजे आपली माणसं आहेत ना आजूबाजूला?"

आता आपली म्हणजे कुणाची, हे मी सांगायला नको. पाटीवरची आडनावं वाचून कळतं ते. घरं दाखवणारे एजंटसुद्धा यात तरबेज झालेत. एका भाचीसाठी फ्लॅट बघायला गेले होते, तर माझं आडनाव ऐकताच एजंट म्हणाला, "मॅडम, काळजीच नको, बिल्डिंगमध्ये सगळी आपलीच लोकं." जिना उतरेपर्यंत त्याला दुसरा फोन आला. समोरच्याचं आडनाव अगदी वेगळ्या समाजातलं होतं. त्यालाही त्याच बिल्डिंगबद्दल तेच वाक्य! (एक तर तो दोघांपैकी एकाला फसवत होता, नाहीतर सांगलीतला शेवटचा खरा समाजवादी होता.)

विनोद सोडा. ज्या शहराला कृष्णेने एवढं बुडवलं, तिथे घर घेताना पहिला प्रश्न माणसांचा? जमिनीचा नाही?

बाहेरच्यांसाठी थोडी उजळणी. सांगलीत कृष्णेवर आयर्विन पूल आहे, १९२९ सालचा. पुराचं पाणी इथे मोजतात. ४० फुटांवर गेलं की इशारा आणि ४५ फुटांवर धोका. २००५ साली पाणी ५३ फुटांच्या वर गेलं. तेव्हा म्हातारी माणसंही म्हणाली की यापुढे काही जाणार नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये ते ५७ फुटांच्या वर गेलं. दोन वर्षांनी, २०२१ च्या जुलैत, पुन्हा महापूर. सोळा वर्षांत तीन.

सूर्यवंशी प्लॉट, इनामदार प्लॉट, कर्नाळ रोड, दत्तनगर इकडे पाणी नेहमीच आधी शिरतं. तिथल्या बायकांना पातळीचे आकडे पाढ्यासारखे पाठ असतात. किती फुटाला अंगण, किती फुटाला चूल. पण २०१९ ला पाणी गावभागात, हरभट रोडवर, मारुती चौकात, भर बाजारपेठेत होतं. गावभाग म्हणजे जुन्या सांगलीतली मानाची वस्ती. तिथे सगळं जागच्या जागी होतं. देवघरं, ग्रंथसंग्रह, शिसवी कपाटं आणि आडनावंही. सगळ्यांवर सारखाच गाळ बसला. लोक म्हणाले, पाण्याने भेदभाव केला नाही. केला की! उंचीचा केला. जो उंचावर तो वाचला. भूगोलाच्या तासाला समोच्च रेषा शिकवताना मुलं जांभया द्यायची. २०१९ ला प्रत्येक घराला त्या रेषा कळल्या.

बरं, नदी लांब असली म्हणजे झालं असंही नाही. शामरावनगरसारख्या सखल भागात पूर नसतानाही पावसाचं पाणी साचून राहतं, कारण खाली काळी माती आणि पाण्याला उतार नाही. शेतजमिनीचे गुंठ्या-गुंठ्याने तुकडे पाडून विकलेले, गटार नाही, रस्ता नाही. आधी घरं झाली, मग २००१ साली गुंठेवारी नियमित करण्याचा कायदा आला. कायद्याने कागद नियमित झाला. पाणी कसं होणार?

आता मुख्य मुद्दा. अशा सखल जागेत माणसं का जातात? स्वस्त म्हणून, हे खरंच. पण तेवढंच नाही. माझी एक विद्यार्थिनी मिरजेत नर्स आहे. नवऱ्याला बरी नोकरी. विश्रामबागेच्या बाजूला भाड्याने घर शोधत होती. भाडं परवडत होतं, आगाऊ रक्कम हातात होती. पाच ठिकाणी घर पसंत पडलं आणि पाचही ठिकाणी आडनाव सांगितल्यावर "विचारून सांगतो" असं उत्तर आलं. एकाने मात्र सरळ सांगितलं, "आम्हाला काही नाही हो, पण सोसायटीतल्या लोकांना चालत नाही." शेवटी तिने जिथे कुणी आडनाव विचारलं नाही तिथे घर घेतलं. २०१९ ला तिच्या घरात छातीएवढं पाणी होतं. रात्रपाळीत जे लोक तिच्या हातून सलाईन लावून घेतात, त्यातल्याच कुणाला तरी ती शेजारी म्हणून चालत नव्हती.

म्हणून मला राग येतो. आधी चांगल्या, उंच जमिनीवरची दारं काही लोकांना बंद करायची. ती माणसं खालच्या जमिनीवर गेली की तिथला चिखल, डास, तुंबलेलं गटार दाखवून म्हणायचं, "बघा, म्हणून म्हटलं वस्ती चांगली नाही." चिखल जमिनीचा, आणि ठपका माणसांवर! आणि हे करणारे कुणी गुंड नाहीत. तुमच्या-माझ्यासारखी, दिवाळी अंक विकत घेऊन वाचणारी माणसं आहेत.

यावर मला हमखास ऐकवतात, "मावशी, मिरजेची दंगल विसरलात का?" नाही विसरले. २००९ च्या गणेशोत्सवात मिरजेत दंगल झाली, सांगली-कोल्हापूरपर्यंत लोण गेलं, संचारबंदी लागली. लाजिरवाणी गोष्ट होती, आणि भीती ज्यांना वाटली त्यांची भीती खोटी नव्हती. पण त्या दंगलीच्या आठवणीवर लोक आजही घर ठरवतात, आणि तीन महापूर मात्र पहिला ऊन पडताच विसरतात. आणि वेगवेगळं राहून दंगली थांबतात असं कुणी सांगितलं? ज्याच्या घरचा चहा आपण कधी प्यायलो नाही, त्याच्याबद्दलची अफवा लवकर खरी वाटते.

दुसरा आक्षेप संस्कारांचा. "मुलांच्या कानावर चांगली भाषा पडावी." इथे मात्र मला बोलायचा अधिकार आहे, कारण तुमची मुलं आयुष्यभर मीच सांभाळली आहेत! वाईट शिव्या कुठल्या एका आळीतून येत नाहीत. एकाच प्रकारच्या घरांत वाढलेल्या मुलाला मात्र वर्गात दुसऱ्याचा डबा बघून नाक मुरडायची सवय असते, आणि ती मोडता मोडत नाही. मिरजेच्या तंतुवाद्यांचं एवढं कौतुक करता, २०२४ ला तिथल्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा सगळ्यांनी मला बातमी पाठवली होती. ती वाद्यं घडवणारी शिकलगारांची घरं तुमच्या 'चांगल्या वस्ती'त बसतात का? अब्दुल करीम खाँसाहेबांच्या नावाने होणाऱ्या मैफलीला जायचं, आणि त्या दर्ग्याजवळ घर नको! सूर चालतात, शेजार चालत नाही.

तिसरा आक्षेप मटणाच्या वासाचा. मी स्वतः शाकाहारी आहे. खिडकी लावून घेते. वास तासाभरात जातो. भिंतीत मुरलेल्या पुराच्या पाण्याचा वास दोन उन्हाळे जात नाही. गावभागातल्या कुणालाही विचारा.

तर मग घर कसं बघायचं? एक, उन्हाळ्यात बघू नका, जुलै-ऑगस्टच्या संततधारेत बघा. दोन, एजंटला विचारू नका, कोपऱ्यावरच्या गिरणीवाल्याला किंवा दूधवाल्याला विचारा, २०१९ ला पाणी कुठवर आलं होतं. तो भिंतीवर हात ठेवून दाखवेल. तीन, पूररेषेचा नकाशा बघा. निळ्या रेषेच्या आत म्हणजे साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराच्या पट्ट्यात, तिथे घर नकोच. लाल रेषा शंभर वर्षांतल्या पुराची, तिच्या आत जोतं उंच आहे का पाहा. आणि 'शंभर वर्षांतून एकदा' या शब्दांवर फार विसंबू नका, नदी कॅलेंडर बघत नाही. चार, सातबारा, बिनशेती, बांधकाम परवाना नीट वाचा. पाच, नळाला पाणी किती वाजता येतं, पोराला शाळेत चालत जाता येतं का, रात्री-अपरात्री मिरजेला दवाखान्यात पोचायला वाहन मिळतं का. सांगली, मिरज आणि कुपवाड मिळून १९९८ पासून एकच महापालिका आहे. सांगली-मिरज अंतर दहा किलोमीटरच्या आसपास. कुठेही राहिलात तरी काही जगाच्या टोकाला पडत नाही.

विश्रामबाग-कुपवाडकडचा भाग उंचावर आहे, तिकडे जरूर बघा. पण तिथे घर मिळालं, की पुढच्या वर्षी सोसायटीच्या सभेत एखाद्या भाडेकरूचं आडनाव 'चालत नाही' असा विषय निघेल. निघतोच. तेव्हा तुम्ही काय बोलता यावर ती वस्ती चांगली की वाईट हे ठरणार आहे. पूर आला की शाळांच्या वर्गांत, मंगल कार्यालयांत सगळे एका सतरंजीवर झोपतात, एकाच पातेल्यातली खिचडी खातात, आणि तेव्हा कुणाला काही चालत नाही असं होत नाही. पाणी ओसरल्यावरही तसंच वागायला काय हरकत आहे, एवढंच माझं म्हणणं.

असो. पुष्कळ बोलले. घरं शोधणाऱ्यांनी या पावसात जरूर या. छत्री आणि गमबूट आणा, आपण मिळून जमीन बघू.