सायकल मिस्त्री कुठल्या यादीत आहे?

एप्रिल २०२५ मध्ये हरियाणातल्या हिसारच्या सभेत देशाचे पंतप्रधान म्हणाले की, वक्फच्या मालमत्तेचा प्रामाणिकपणे वापर झाला असता, तर मुस्लिम तरुणांना सायकलीचे पंक्चर काढून जिंदगी काढावी लागली नसती. त्याआधी डिसेंबर २०१९ मध्ये नागरिकत्व दुरुस्ती कायद्याला विरोध करणाऱ्यांना बंगळुरूच्या एका खासदाराने ‘निरक्षर’ आणि ‘पंक्चरवाले’ ठरवले होते. दोन्ही वेळा आपल्या समाजातून जे उत्तर गेले, ते आठवून पाहा. आमच्यात डॉक्टर आहेत, इंजिनिअर आहेत, शास्त्रज्ञ आहेत, राष्ट्रपती झालेले आहेत, अशा फोटोंचा नुसता पाऊस पडला. थोडक्यात, आम्ही पंक्चरवाले नाही!

मला त्या शब्दापेक्षा या उत्तराचा राग आला. कारण मी पंक्चरवाल्याचा मुलगा आहे आणि हेच उत्तर मी स्वतः अनेक वर्षे देत आलो आहे.

आमचे आजोबा निजामाच्या अमदानीत कचेरीत चपराशी होते. १९४८ च्या पोलीस ॲक्शननंतर ती नोकरी गेली. घरात जमीन नव्हती. हातात होते ते दोन हात. बीडमध्ये एका सायकल दुकानदाराकडे ते राहिले आणि पुढे अब्बा त्याच कामात आले. लोक त्यांना पंक्चरवाला म्हणत, पण त्यांचे खरे काम फिटरचे. सायकल कारखान्यातून तयार होऊन येते, असा पुष्कळ सुशिक्षितांचा समज असतो. तशी ती येत नाही. बीड शहराला रेल्वे मिळाली ती १७ सप्टेंबर २०२५ ला. त्यापूर्वी सगळा माल ट्रकने यायचा. लुधियानाकडून आलेल्या ट्रकमधून दुकानात उतरायचे ते सुटे सामान. फ्रेम वेगळ्या, चिमटे वेगळे, रिंगांचे गठ्ठे, स्पोकची पुडकी, डब्यात छर्रे, कोन, वाट्या, नट. त्या लोखंडाची सायकल करायची ती मिस्त्रीने.

जुन्या काळ्या सायकलीच्या पुढच्या चाकाला ३२ आणि मागच्या चाकाला ४० स्पोक. म्हणजे एका सायकलीला ७२ तारा हबमधून ओवून, एकमेकींवरून कात घालून रिंगमध्ये बसवायच्या. मग चाक फिरवत, एकेक निपल पाव आटा कसत किंवा सैल करत आउट काढायचा. एका बाजूची तार जास्त ताणली की रिंग तिकडे ओढली जाते. दुसऱ्या बाजूची ताणली की उलट. मीटर नाही, मशीन नाही. नजर आणि बोटे. हबमध्ये ग्रीस भरून छर्रे बसवायचे. कोन जास्त कसला तर चाक जड होते, सैल राहिला तर खेळते. कॉटर पिन हातोडीने ठोकायची, पण क्रँकचे दोन्ही हात एका रेषेत आले पाहिजेत. नाहीतर पायडल मारणारा आयुष्यभर लंगडत सायकल चालवणार. अब्बा तारेवर बोटाने टिचकी मारून आवाज ऐकत. कुठली तार सैल आहे ते कानाला कळायचे. याला शिक्षण म्हणायचे की नाही?

या सगळ्याची मजुरी नगावर. जितक्या सायकली उभ्या केल्या तितके पैसे. शाळा सुरू होण्याच्या दिवसांत रात्रीपर्यंत काम आणि भर पावसाळ्यात रिकामे बसणे. बोट चिमटले, नख गेले, तर तो दिवस खाडा. पावती नाही, हजेरी नाही, फंड नाही. गल्ल्यावर बसणारा मालक होता आणि सायकल बनवणारा ‘पोरगा’ होता, मग त्याचे वय पंचावन्न का असेना.

आता माझी कबुली. कॉलेजच्या प्रवेश अर्जावर ‘वडिलांचा व्यवसाय’ या रकान्यात मी ‘व्यापार’ असे लिहिले होते. अब्बांनी तो अर्ज पाहिला नाही. पाहिला असता तरी ते काही बोलले नसते. माझ्या धाकट्या भावाने आठवीतून शाळा सोडली आणि तो दुकानात बसला, म्हणून माझी फी भरली गेली. मी मास्तर झालो, त्याचे हात काळे झाले. आज लग्नाकार्यात लोक मला ‘सर’ म्हणून पुढे बसवतात आणि त्याला पातेली उतरवायला हाक मारतात. तेव्हा जो अपमान हिसारला किंवा बंगळुरूला झाला, तो आमच्या घरात कितीतरी आधी झाला होता.

म्हणून म्हणतो, ‘आम्ही पंक्चरवाले नाही’ हे उत्तर खोटे आहे आणि लाचारही आहे. ते देताना आपण समोरच्याचे म्हणणे मान्यच करतो की, हे काम हलके आहे. फक्त एवढेच सांगतो की ते आम्ही करत नाही, आमच्यातले ‘ते’ करतात. वक्फच्या जमिनी कोणी गिळल्या याचा हिशेब जरूर मागितला पाहिजे. तो सरकारकडे मागितला पाहिजे आणि आपल्या पुढाऱ्यांकडेही. पण त्या हिशेबासाठी मिस्त्रीचा कमीपणा दाखवायची गरज नाही. कमीपणा कामात नाही. तो मजुरीत आहे, आणि त्या कामाला कुठेच नाव नाही यात आहे.

नाव नाही म्हणजे काय, ते पाहू. १७ सप्टेंबर २०२३ ला पीएम विश्वकर्मा योजना सुरू झाली. हात आणि अवजारे यांच्या बळावर काम करणाऱ्या कारागिरांसाठी ती आहे. प्रशिक्षणाच्या काळात रोज ५०० रुपये, अवजारांसाठी १५,००० रुपये, ५ टक्के व्याजाने दोन टप्प्यांत ३ लाखांपर्यंत कर्ज. यादीत १८ धंदे आहेत. सुतार, लोहार, कुंभार, चर्मकार, गवंडी, न्हावी, धोबी, शिंपी, कुलपे करणारा, माळा ओवणारा, मासेमारीची जाळी विणणारा, सगळे आहेत आणि असायलाच हवेत. सायकल मिस्त्री नाही. का? त्याचे काम हाताचे नाही? त्याच्याकडे पाना, हातोडी, पकड नाही? धंदा पारंपरिक नाही म्हणावे, तर आमच्या घरात तिसरी पिढी पाना धरून आहे. किती पिढ्या गेल्यावर परंपरा सुरू होते, ते एकदा कोणीतरी सांगावे.

आपल्या स्वतःच्या याद्यांतही तेच. मुस्लिम ओबीसींच्या चळवळीने या राज्यात मोठे काम केले. जालन्याच्या शब्बीर अन्सारींनी ती उभी केली, दिलीपकुमारांसारख्यांनी तिला साथ दिली. अत्तार, तांबोळी, बागवान, मणियार, पिंजारी, मोमीन यांना त्यांच्या जुन्या धंद्यांच्या नावाने हक्क मिळाले. या चळवळीचे ऋण मी मानतो. पण आज पिंजाऱ्याचा नातू कापूस पिंजत नाही. तो पंक्चर काढतो, वेल्डिंग करतो, गॅरेजमध्ये राबतो. जातीचा दाखला आजोबाच्या धंद्याचा आणि पोट नातवाच्या धंद्यावर! त्या नव्या धंद्याबद्दल मात्र कुणी बोलत नाही. २०१४ साली शासनाने मुस्लिमांना ५ टक्के आरक्षणाचा अध्यादेश काढला. उच्च न्यायालयाने शिक्षणातले आरक्षण तेव्हा रोखले नव्हते, तरीही अध्यादेशाची मुदत संपू दिली गेली. त्यासाठी आपण मोर्चे काढले, ते बरोबरच. पण ते आरक्षण बारावी झालेल्या मुलाच्या कामाचे. आठवीतून दुकानात बसलेल्या माझ्या भावासाठी आपण कुठला मोर्चा काढला?

सच्चर समितीने २००६ सालीच दाखवून दिले होते की, मुस्लिम कामकरी मोठ्या प्रमाणात स्वयंरोजगारात आहे आणि बँकेचे कर्ज त्याच्यापर्यंत फारसे पोहोचत नाही. स्वयंरोजगार हा शब्द ऐकायला छान वाटतो. प्रत्यक्षात त्याचा अर्थ असा की, ज्याला कोणी नोकरी दिली नाही तो. हमालांना १९६९ चा माथाडी कायदा मिळाला, कारण ते एकत्र आले. मिस्त्री एकेकटा बसतो. एक राजुरी वेशीत, एक नेकनूरला, एक गेवराईच्या स्टँडसमोर. त्याची संघटना होत नाही. ई-श्रमचे कार्ड मिळाले, पण ती नोंद झाली. त्याच्या हुनराचा तो दाखला नव्हे.

कोणी म्हणेल, सायकल संपली, आता मोटारसायकलीचे दिवस आहेत. २०११ च्या जनगणनेत देशातल्या ४४.८ टक्के घरांत सायकल होती. सप्टेंबर २०२५ मध्ये सायकलीवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आणला गेला. मानव विकास कार्यक्रमातून राज्यातल्या १२५ मागास तालुक्यांत आठवी ते बारावीच्या मुलींना सायकलीसाठी पैसे दिले जातात. वाडीवस्तीवरची मुलगी शाळेत पोहोचते ती या सायकलीवर. सायकल कोणाच्या कंपनीची, पावती कोणाची, पैसे कोणत्या खात्यात, हे सगळे कागदावर असते. ती जोडली कोणी, ब्रेक कसले कोणी, हे कुठेच नसते. धुळे-सोलापूर महामार्गाच्या कडेने, उसाच्या ट्रॅक्टरला वाट देत ती मुलगी जाते, तेव्हा तिचा जीव ज्याच्या पान्यावर असतो, त्या माणसाची सही कुठेही नाही. ऑनलाइन मागवलेली सायकलही खोक्यातून अर्धवट जोडलेली येते. उरलेले काम शेवटी कोपऱ्यावरचा मिस्त्रीच करतो, आणि ग्राहक त्याला पन्नास रुपयांसाठी घासाघीस करतो.

मी या धंद्याची आरती ओवाळत नाही. बारा वर्षांचे पोर दुकानात बसवणे हा गुन्हाच आहे आणि ‘हात में हुनर है तो भूका नै मरता’ म्हणून आपण तो झाकतो. भुकेने मरत नाही हे खरे, पण शाळा मरते. पोराला शाळेत ठेवा आणि मिस्त्रीला इज्जत द्या, या दोन गोष्टी एकमेकींच्या आड येत नाहीत. उलट बापाच्या मजुरीला भाव मिळाला, तरच पोर शाळेत टिकते.

आणि आपण लिहिणारे? १९९० साली सोलापुरात पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले, त्याला तीन तपे होऊन गेली. आपण दंगलीवर लिहिले, तलाकवर लिहिले, संशयाच्या नजरांवर लिहिले. लिहिणे भागच होते. पण आपल्या कथेतला माणूस दिवसभर काय काम करतो? तो नमाज पढतो, घाबरतो, भांडतो, रडतो. त्याच्या हातात पाना कधी दिसतो? ज्यांच्या मजुरीवर शिकून आपण लेखक झालो, त्यांना आपल्याच कागदावर जागा नाही. मग सरकारच्या यादीत त्यांना जागा नाही म्हणून ओरडण्याचा आपला हक्क किती?

मागण्या साध्या आहेत. विश्वकर्माच्या यादीत सायकल मिस्त्रीचा धंदा एकोणिसावा म्हणून घाला. अनुभवाची परीक्षा घेऊन त्याला हुनराचा सरकारी दाखला द्या. मुलींच्या सायकलीच्या योजनेत जोडणीची मजुरी वेगळी धरा आणि ती गावातल्या मिस्त्रीला द्या. आपल्या जमातींनी बैतुलमालमधून एखाद्या फिटरला अवजारांची पेटी घेऊन द्यावी. आणि पुन्हा कोणी व्यासपीठावरून ‘पंक्चरवाला’ म्हटले, तर डॉक्टरांचे फोटो पाठवू नका. विचारा, साहेब, तुमच्या १८ धंद्यांत तो का नाही?

माझ्या मुलीचा शाळेचा अर्ज भरताना ‘काकांचा व्यवसाय’ असा रकाना नव्हता. असता, तर या वेळी मी तो नीट भरला असता.