मोटारीतला आवाज : मोठा की स्वच्छ?

"सर, दादा गाडीतल्या स्पीकरना दोन वेगळे अ‍ॅम्प्लिफायर बसवतोय. खरंच फरक पडतो का?" तास संपल्यावर एका विद्यार्थ्याने विचारले. फरक पडतो, पण बहुतेकांना वाटतो तो नव्हे, असे माझे मत आहे.

विद्यार्थी मित्रांनो, सेकंदाला १०० कंपने असलेल्या ध्वनीची हवेतील तरंगलांबी सुमारे ३.४ मीटर असते, तर १०,००० कंपनांच्या ध्वनीची अवघी ३.४ सेंटिमीटर! एवढा पल्ला एकाच स्पीकरला नीट साधत नाही. म्हणून खालच्या स्वरांसाठी मोठा वूफर आणि उंच स्वरांसाठी छोटा ट्विटर बसवतात. नेहमीच्या जोडणीत एकच अ‍ॅम्प्लिफायर दोघांना शक्ती पुरवतो आणि स्वरांची वाटणी त्यानंतर होते. वूफरच्या वाटेवरचे तारेचे वेटोळे उंच कंपने अडवते. ट्विटरच्या वाटेवरचे धारित्र खालची कंपने अडवते.

आता ढोलावर जोराची थाप पडली आणि अ‍ॅम्प्लिफायरची मर्यादा संपली, असे समजा. मग तरंगांचे माथे छाटले जातात. अशा छाटलेल्या तरंगात मूळ गाण्यात नसलेली उंच कंपने तयार होतात आणि ती नेमकी ट्विटरकडे जातात. आवाज चिरका होतो. वाटणी आधी करून प्रत्येकाला स्वतंत्र अ‍ॅम्प्लिफायर दिला, तर ढोलाने वूफरचा अ‍ॅम्प्लिफायर दमवला तरी झांजेचा नाद स्वच्छ राहतो. खरा लाभ हाच.

परंतु दुकानात भुरळ घालतो तो वॅटचा आकडा. इंजिन चालू असताना गाडीत सुमारे १४ व्होल्ट दाब असतो. दाब न वाढवता ४ ओहमच्या स्पीकरला त्यातून किती शक्ती मिळेल? १४ चा वर्ग भागिले ८, म्हणजे जेमतेम २५ वॅट. साध्या संचावर '५० वॅट' छापलेले दिसले, तर हे गणित आठवा. वेगळे अ‍ॅम्प्लिफायर आधी दाब वाढवून घेतात, म्हणून जास्त शक्ती देऊ शकतात.

पण ती हवी कशाला? शक्ती दुप्पट केली तरी ध्वनीची पातळी फक्त ३ डेसिबलने वाढते. मोटारीतले अनेक स्पीकर १ वॅटला १ मीटरवर ९० डेसिबलच्या आसपास ध्वनी देतात; १० वॅटला तो १०० होतो. अमेरिकेतील व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संस्थेने १९९८ मध्ये कामगारांसाठी सुचवलेली मर्यादा ८५ डेसिबलला दिवसाला ८ तास आहे. पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. म्हणजे १०० डेसिबलला केवळ १५ मिनिटे! आपल्या अंतर्कर्णातल्या केसपेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत.

तेव्हा दादाला सांगा, अ‍ॅम्प्लिफायर दोन बसव, पण स्वच्छ आवाजासाठी. काचा बंद असताना शेजारच्याशी न ओरडता बोलता आले पाहिजे. ते जमत नसेल, तर बटण उलटे फिरवणे हाच सर्वांत स्वस्त उपाय!