गाडीचे वय आणि गाडीची तब्येत

दिल्लीत १ जुलै २०२५ पासून दहा वर्षांहून जुन्या डिझेल आणि पंधरा वर्षांहून जुन्या पेट्रोल गाड्यांना पंपावर इंधन नाकारण्याचा निर्णय अमलात आला आणि काही दिवसांतच तो थांबवावा लागला. पुढे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्टमध्ये केवळ वयाच्या कारणावरून कारवाई न करण्याचे निर्देश दिले आणि डिसेंबरमध्ये हे संरक्षण बीएस-४ व त्यापुढील गाड्यांपुरते मर्यादित केले. या सगळ्या वादात मूळ प्रश्न मात्र बाजूलाच राहिला. गाडी घातक झाली, हे ओळखायचे कशावरून?

जन्मतारीख पाहून कोणी रुग्णाचे निदान करत नाही. इंजिनाचेही तसेच आहे. त्याच्या तब्येतीचे एक साधे लक्षण म्हणजे ऑइलचा खप. पिस्टनभोवतीच्या रिंगा सिलिंडरच्या भिंतीवरचे ऑइल खरवडून खाली ढकलतात. त्या झिजल्या किंवा काजळीने चिकटून बसल्या, की ऑइल वर जाऊन इंधनासोबत जळते. सकाळी गाडी सुरू करताच निळसर धुराचा एक झोत येऊन थांबत असेल, तर बहुधा व्हॉल्व्हचे सील गेलेले असतात. अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर धूर येत राहिला, तर संशय रिंगांवर जातो.

थोडे ऑइल जळणे स्वाभाविक आहे. काही कंपन्यांच्या पुस्तिकेत तर दर हजार किलोमीटरला अर्धा लिटरपर्यंतचा खप चालण्याजोगा मानला आहे. त्यामुळे एका आकड्यापेक्षा खप वाढतो आहे का, हे पाहणे महत्त्वाचे.

नव्या गाड्याही यातून सुटलेल्या नाहीत. टॉर्क म्हणजे चाक फिरवणारा जोर. छोट्या टर्बो इंजिनांत तो कमी फेऱ्यांतच भरपूर मिळतो, पण त्यासाठी सिलिंडरमधला दाब खूप वाढतो. अशा वेळी तिथे पोहोचलेले ऑइलचे थेंब ठिणगीच्या आधीच पेट घेऊ शकतात आणि त्या धक्क्याने पिस्टनही फुटू शकतो. म्हणूनच २०२० मध्ये आलेल्या ‘एपीआय एसपी’ या ऑइलच्या दर्जात अशा अवेळी ज्वलनाविरुद्धची चाचणी आहे. चढावर वरच्या गिअरमध्ये गाडी रेटत नेण्याची सवय म्हणूनच महागात पडते.

नुकसान मालकाच्या खिशापुरते थांबत नाही. ऑइलमधला फॉस्फरस धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला हळूहळू निकामी करतो. त्यातल्या धातूंची राख डिझेल गाडीच्या कणगाळणीत साचते. काजळी जाळून गाळणी मोकळी करता येते, राख जळत नाही. अर्धवट जळलेल्या ऑइलचे सूक्ष्म कण फुप्फुसांत खोलवर जातात. दमा, जुनाट खोकला आणि हृदयविकार असलेल्यांना त्यांचा त्रास आधी होतो. सिग्नलवर उभा असलेला वाहतूक पोलीस आणि रस्त्याकडेचा भाजीवाला यांना तर तो धूर चुकवताही येत नाही.

आपल्या पीयूसी चाचणीत पेट्रोल गाडीचा कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोकार्बन तपासतात, डिझेलच्या धुराची घनता मोजतात. पेट्रोल गाडीच्या धुरातले सूक्ष्म कण मोजलेच जात नाहीत. ऑइल पिणारी पेट्रोल गाडी त्यामुळे प्रमाणपत्र मिळवून सुखेनैव फिरू शकते, तर नीट राखलेली जुनी गाडी वयामुळे भंगारात जाते. वयाची अट राबवायला सोपी आहे, हे खरे. बीएस-३ आणि त्याआधीच्या गाड्या मुळातच जास्त धूर ओकतात, हेही खरे. पण निदान चुकले तर औषध लागू पडत नाही. योग्यता तपासणीत सूक्ष्म कणांचे मोजमाप आणि ऑइल भरल्याची नोंद यांना जागा हवी.

तोवर एक काम प्रत्येकाच्या हातात आहे. महिन्यातून एकदा, सपाट जागी, इंजिन बंद करून काही मिनिटांनी डिपस्टिक बाहेर काढावी आणि किती ऑइल घालावे लागले ते तारखेसह वहीत लिहावे. रक्तदाबाच्या नोंदीइतकीच ही वही उपयोगी पडते.