सामरी, बाळंतपण आणि भाड्याचा व्हीसीआर

रामसे बंधूंच्या भयपटांना 'कल्ट' म्हणण्याची पद्धत आता चांगलीच रुळली आहे. हे विशेषण बरेचसे बाहेरून आले. २००० नंतरच्या दशकात 'मोंडो मकाब्रो' या परदेशी कंपनीने 'पुराना मंदिर', 'बंद दरवाजा', 'वीराना' यांच्या डीव्हीडी काढल्या. पुढे २०१७ मध्ये शाम्य दासगुप्ता यांचे रामसेंवरचे पुस्तक आले, २०२४ मध्ये कार्तिक नायर यांचा मुंबईच्या भयपटांवरचा अभ्यासग्रंथ आला. या कामांविषयी आम्हांला आदरच आहे. आमचे भांडण आहे ते डीव्हीडीच्या आसपास जमलेल्या हशाशी. हे चित्रपट वाईट आहेत म्हणूनच मजेदार आहेत, असे मानणारा एक सुशिक्षित प्रेक्षक आता तयार झाला आहे. काही काळ आम्हीही त्यात होतो, हे आधीच कबूल केलेले बरे.

आमच्यापैकी एक जण नांदेडच्या इतवाऱ्यात वाढला, दुसरा लातूरच्या गंजगोलाईपासून हाकेच्या अंतरावर. दोन्ही गावांत ऐंशीच्या दशकात व्हीसीआर रात्रीच्या बोलीवर भाड्याने मिळे: रंगीत टीव्ही, यंत्र आणि तीन कॅसेटी, सकाळी परत. कॅसेटींचा क्रम जणू शास्त्राने ठरवलेला होता. पहिली देवाधर्माची, आजीसाठी. दुसरी अमिताभची. तिसरी मध्यरात्रीनंतर लागे आणि ती भुताची असे. तोवर आजी झोपलेली असे, शेजारपाजारची पोरे सतरंजीवर आडवी झालेली असत आणि स्वयंपाकघराचे आवरून घरातल्या बायका दाराशी येऊन टेकत. 'केवळ प्रौढांसाठी' या प्रमाणपत्राचा घरात काही उपयोग नव्हता. भयपटाला टॉकीजमध्ये जाण्याचा प्रश्नच ज्यांच्या बाबतीत उद्भवत नव्हता, त्या बायकांपर्यंत हे चित्रपट पोहोचले ते या तिसऱ्या कॅसेटीमुळे.

ती कॅसेट बहुधा नकलेची नक्कल असे. अंधाराच्या प्रसंगात पडद्यावर निळसर राखाडी मुंग्या धावत, खालच्या कडेला पांढरी रेघ थरथरे, कोणीतरी उठून ट्रॅकिंगचे बटण फिरवत बसे. या मुंग्यांमधून सामरीचा चेहरा अर्धवटच वर येई, उरलेला आपला आपण पुरा करावा लागे. आज स्वच्छ प्रतीत त्याच चेहऱ्याचा रंग आणि रबर वेगवेगळे दिसतात आणि मुले हसतात. हसण्याचे निम्मे कारण त्या स्वच्छतेत आहे, असे आमचे मत आहे. मुंग्यांच्या पडद्यावर तो रंगकाम केलेला नट आहे, हे आम्हांला कधी जाणवलेच नाही.

शिवाय लाईट जाई. लाईट गेली की कॅसेट यंत्राच्या पोटात अडकून बसे, बाहेर काढता येत नसे. खाली भाड्याचे तास पळत असत आणि वर गोष्ट अशा ठिकाणी थांबलेली असे की पाणी प्यायला माजघरात जायचीही हिंमत होऊ नये. त्या अंधारात मोठी माणसे स्वतःच्या गोष्टी सांगत. चित्रपटाची मध्यंतरे अशी आमच्या घरातल्या भुतांनी भरून काढली. पुढे एम.ए.च्या वर्गात संहिता आणि वाचक यांविषयी पुष्कळ ऐकले, पण नारायण धारप किंवा रत्नाकर मतकरी यांचे नाव तिथे निघाल्याचे काही स्मरत नाही. असो.

'पुराना मंदिर' (१९८४) पुन्हा पाहावा. त्यातल्या भयाचे मूळ कोणते? सामरीचे धड एकीकडे आणि मस्तक दुसरीकडे पुरलेले आहे, हे सगळ्यांना आठवते. पण त्याने मरताना दिलेला शाप असा, की राजाच्या वंशातली प्रत्येक स्त्री बाळंतपणात मरेल. ठाकूर मुलीच्या लग्नाला आडवा येतो तो यासाठी. मुलीवर प्रेम करणारा बाप तिला सुखाने नांदू देऊ शकत नाही, कारण नांदणे म्हणजे गर्भार राहणे आणि गर्भार राहणे म्हणजे मरणे. दाराशी टेकलेल्या बायकांना हे समजावून सांगण्याची गरज नव्हती. दवाखाना दूर आणि पहिल्या खेपेची बाई बैलगाडीत, या चित्राला त्यांच्या लेखी शापाचीही आवश्यकता नव्हती.

हवेलीचेही तसेच. मुंबईच्या प्रेक्षकाला ती कदाचित नेपथ्य वाटत असेल. आमच्याकडे गावोगाव पडक्या गढ्या उभ्या होत्या. १९४८ च्या सप्टेंबरात निजामी राजवट संपली, पण गढीविषयी खालच्या आवाजात बोलण्याची सवय संपली नाही: अमक्या भिंतीत कोण आहे, तमक्या विहिरीत कोण गेली. मालकाने केलेल्या न्यायाचे प्रेत मालकाच्याच घरात कुलपात आहे आणि त्याची किंमत पिढ्यान्पिढ्या त्या घरच्या बायका मोजतात, ही कल्पना इथल्या माणसाला परकी नव्हती. रामसेंना हे अभिप्रेत होते, असा आमचा दावा नाही. त्यांना चित्रपट लवकर आणि स्वस्तात संपवायचा होता. 'दो गज जमीन के नीचे' (१९७२) त्यांनी सगळे कुटुंब महाबळेश्वरला नेऊन उरकला. पण घाईतही गोष्ट कुठून तरी उचलावी लागते, आणि ती जिथून उचलली जाते ती जागा बहुधा खरी असते.

१९९३ मध्ये झी टीव्हीवर रामसेंचाच 'झी हॉरर शो' सुरू झाला. त्या वर्षीच्या गणपतीत आमच्या लातूरच्या गल्लीतल्या मंडळाने नेहमीप्रमाणे व्हीसीआर आणला होता. विसर्जन झाले आणि ३० सप्टेंबरच्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हलली. किल्लारी, सास्तूर आणि आजूबाजूच्या गावांत मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि त्यांवरची माळवदे झोपलेल्या माणसांवर कोसळली. लातुरात आम्ही कित्येक रात्री उघड्यावर काढल्या. त्यानंतर बराच काळ आमच्या घरात तिसरी कॅसेट आली नाही. कोणी मनाई केली नव्हती. भिंतीतून हात बाहेर येतो हे दृश्य पाहावेसे वाटत नव्हते, इतकेच.

आणि तरीही, पुढे प्राध्यापकी करताना आम्ही दोघांनी घरी विद्यार्थ्यांना जमवून 'पुराना मंदिर'ची डीव्हीडी लावली, ती हसण्यासाठीच. जगदीपच्या गब्बरी नकलेला मुले हसली, ते रास्तच होते. मग बाळंतपणाच्या प्रसंगालाही हसली आणि आम्हीही हसलो. आतल्या खोलीतून मावशी बाहेर आली. "हसायलात कशाला रे?" एवढेच म्हणाली आणि उभीच राहिली. तिची थोरली बहीण पहिल्या बाळंतपणात गेली, हे आम्हांला ठाऊक होते. विद्यार्थ्यांना ठाऊक असण्याचे कारण नव्हते.

या चित्रपटांवर प्रबंध लिहिणाऱ्यांनी मावशीच्या वयाच्या बायकांना अजून तरी विचारलेले आमच्या पाहण्यात नाही. भयपटाचा प्रेक्षक म्हटले की टॉकीजच्या पुढच्या रांगेतला पुरुषच डोळ्यांसमोर येतो. टॉकीजचे हिशेब मिळतात, तिसऱ्या कॅसेटीचे मिळत नाहीत. नांदेड-लातूरच्या मराठी विभागांत दरवर्षी प्रबंधांना विषय लागतात. एखाद्या विद्यार्थिनीने स्वतःच्या आजीपासून सुरुवात करावी. कोणत्या रात्री, कोणाच्या घरी, कोण उठून गेले, लाईट गेली तेव्हा कोणती गोष्ट निघाली, हे विचारावे. कॅसेटींना बुरशी लागली आहे, यंत्रे भंगारात गेली आहेत, आणि ज्यांना विचारायचे त्यांचेही वय झाले आहे.

मावशीला आम्ही नंतर 'पुराना मंदिर'ची गोष्ट सांगायला लावली. चाळीस वर्षांपूर्वी एकदाच पाहिलेला चित्रपट तिने जवळजवळ क्रमाने सांगितला. पडद्यावर सामरी जळतो आणि गोष्ट संपते. मावशीच्या गोष्टीत त्यानंतर आणखी नऊ महिने जातात, आणि मुलगी सुखरूप असते.